ओढ्याची वही

(मावळ परिसरातील माध्यमिक शिक्षकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मावळच्या भूमीला पाण्यावरून झालेले संघर्ष नवे नाहीत. १९२१ साली मुळशी पेट्यातील शेतकरी धरणात जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठी सत्याग्रहाला उभे राहिले आणि सेनापती बापटांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीच्या विरोधात बऊर येथे जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांनी प्राण गमावले. या दोन घटनांमध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: पाणी कोणाचे आणि किती? पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र तितक्या तळमळीने आपण कधी विचारलेला नाही. तो विचारण्याचे काम शाळांनी करावे आणि ते आपल्या सातवी ते नववीच्या वर्गांना सहज झेपण्यासारखे आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम आपल्या पाण्याची मांडणी पाहू. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि कामशेत, देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेस मिळते. सुमारे १०० किलोमीटरचा हा प्रवास. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तळेगावला त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे नदीचे खरे धन घाटमाथ्यावरच आहे. परंतु त्या धनाचा मोठा वाटा वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत अडवला जातो आणि वीजनिर्मितीसाठी घाटाखाली खोपोलीकडे उतरवला जातो. खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून हे काम करीत आहे. त्या उद्योगाचे देशाच्या औद्योगिक इतिहासातील स्थान मोठेच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे. पाऊस सरल्यावर पूर्वेकडे वाहणाऱ्या इंद्रायणीत मूळचे पाणी थोडे उरते आणि वाटेत मिळणाऱ्या सांडपाण्याला पातळ करण्याची तिची शक्ती त्या प्रमाणात घटते. पवनेचे उलट आहे. तिच्या धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी पात्रात पाणी सोडले जाते आणि ते रावेतला उचलले जाते. त्यामुळे रावेतपर्यंत ती उन्हाळ्यातही वाहती दिसते. वाहती नदी स्वच्छ असते, असा आपला एक भाबडा समज आहे, म्हणून हे सांगितले.

आळंदीला इंद्रायणीवर येणारा पांढरा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. निदान वृत्तपत्रांत तरी. कार्तिकी एकादशीला लाखो वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात, त्याच पाण्यावर फेसाचे ढग तरंगताना पाहून कोणाही श्रद्धाळू माणसाच्या मनाला वेदना होतात. पण वेदनेच्या पुढे जाऊन विचार केला पाहिजे. फेस जेथे दिसतो तेथेच तो जन्मतो असे नाही. साबणासारखी द्रव्ये वरच्या गावांत, वसाहतींत आणि कारखान्यांत पाण्यात मिसळतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेथे हवा मिसळते आणि मग ती द्रव्ये डोळ्यांना दिसू लागतात. आळंदीचा फेस हा आळंदीचा दोष म्हणून मोजला जातो, प्रत्यक्षात तो वरच्या सगळ्यांचा एकत्रित हिशेब असतो. हा हिशेब फोडून पाहायचा तर नदीवर एक-दोन ठिकाणी नमुने घेऊन भागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते आणि इंद्रायणी व पवना या दोन्ही नद्या त्या यादीत होत्या. २०२२ च्या अहवालात देशातील पट्टे ३११ वर आले, पण महाराष्ट्राचा आकडा ५५ झाला. दोन्ही वेळी आपले राज्य देशात पहिले. असा पहिला क्रमांक कोणालाही नको असेल. पण या याद्या मोठ्या नद्यांच्या ठरावीक ठिकाणांवरील मोजणीतून तयार होतात. आपल्या शाळेच्या मागून जाणारा, पावसाळ्यात गर्जणारा आणि मार्गशीर्षात डबक्यांची माळ होऊन पडणारा ओढा कोणत्याच यादीत नाही. अनेक ओढ्यांना तर नावही नाही. आणि नदी मलिन होते ती याच ओढ्यांवाटे. बंगल्यांच्या शोषखड्ड्यांचे पाझर, ढाब्यामागचे खरकटे, कोंबड्यांच्या शेडची धुवण, भाताच्या खाचरातून उतरलेले खत, सहलीला आलेल्यांचा कचरा, हे सारे आधी ओढ्यात येते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये नवे वाण दिले तेव्हा त्याला ‘इंद्रायणी’ हेच नाव सुचले, इतके या नदीचे आणि आपल्या ताटाचे नाते जवळचे आहे.

ओढ्यांकडे लक्ष कोण देणार? शासकीय यंत्रणा प्रत्येक ओढ्यावर माणूस नेमू शकत नाही. पण मावळात बहुतेक प्रत्येक ओढ्याजवळ एक शाळा आहे. शाळेत चाळीस जोडी डोळे आहेत, एक फळा आहे, आणि दरवर्षी नवा वर्ग येतो. हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हे नवलाचे काही नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे ह्युरॉन हायस्कूलचे काही विद्यार्थी १९८४ साली शेजारच्या नदीत जलक्रीडा करून आले आणि त्यांना कावीळ झाली. वर्गात प्रश्न उभा राहिला. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या साहाय्याने मुलांनी त्या नदीचे पाणी तपासण्यास आरंभ केला आणि पुढे त्यातूनच अनेक देशांतील शाळांना जोडणारे नदीशिक्षणाचे जाळे विणले गेले. आपल्याकडे दिल्लीत १९९६ पासून ‘डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज’ या संस्थेने ‘क्लीन-इंडिया’ उपक्रमात शाळकरी मुलांच्या हाती ‘जल-तारा’ ही तपासणीची पेटी दिली आणि मुलांनी यमुनेचे पाणी तपासले. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते आहे. गावातील खरा प्रश्न निवडायचा, मुलांच्या गटाने त्याचा अभ्यास करायचा, हीच तिची पद्धत. आपल्यापैकी काही जणांनी तिच्यासाठी प्रकल्प करून घेतलेही असतील. पण त्या प्रकल्पांचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. रंगीत तक्ता होतो, प्रशस्तिपत्रक येते आणि पुढच्या वर्षी विषय बदलतो. ओढा तेथेच राहतो.

म्हणून माझा आग्रह उपकरणांपेक्षा वहीचा आहे. एक जाड बांधणीची वही, तिच्यावर ओढ्याचे नाव. नसेल तर मुलांनी गावातील वृद्धांना विचारून शोधून काढलेले. दर महिन्याला, त्याच जागी, त्याच वेळी घेतलेली नोंद. वेळेवर इतका भर का? याचे कारण रंजक आहे. पाण्यातील शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करते, त्यामुळे दुपारी तीन वाजता हिरव्यागार साचलेल्या डोहातही विरघळलेला प्राणवायू भरपूर आढळतो. रात्री तेच शेवाळ तो प्राणवायू स्वतः वापरते आणि पहाटे डोहातील मासे तडफडू लागतात. दुपारी मोजणाऱ्याला डोह निरोगी वाटेल, पहाटे मोजणाऱ्याला मरणासन्न. दोन्ही आकडे खरेच. एका महिन्यात सकाळी आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी मोजले तर वहीतील चढ-उतार ओढ्याचे नसून आपल्या वेळापत्रकाचे असतील. माझ्या मते सकाळचा पहिला तास सर्वांत चांगला.

प्राणवायूविषयी थोडे अधिक बोलतो, कारण नदीचे आरोग्य एका आकड्यात सांगा असे कोणी म्हटले तर मी हाच आकडा निवडीन. वीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असल्याने तेथे आणखी थोडा कमी. सामुदायिक स्नानासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. सांडपाणी मिसळले की त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवणारे जिवाणू हा साठा खाऊ लागतात. ते किती खातात, हे मोजण्याची युक्ती आठवीच्या मुलालाही कळेल. दोन बाटल्या काठोकाठ भरायच्या, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एकीतील प्राणवायू लगेच मोजायचा, दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवून तीन दिवसांनी मोजायचा. दोहोंतील फरक म्हणजे पाण्याची भूक. प्रयोगशाळेत यासाठी २७ अंशांचे स्थिर तापमान लागते, ते आपल्या कपाटात मिळणार नाही. तेव्हा आपला आकडा प्रमाणित म्हणून मिरवू नये. पण गावाच्या वरच्या अंगाची बाटली आणि खालच्या अंगाची बाटली एकाच कपाटात ठेवली, तर दोहोंची तुलना पूर्ण खरी असते. प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची रासायनिक पद्धत १८८८ सालची आहे. तीत तीव्र आम्ल लागते आणि तिच्या नेहमीच्या रूपात ॲझाइड हे विषारी द्रव्यही असते, म्हणून ती शिक्षकांनी स्वतः करावी, मुलांनी रंगबदल पाहावा आणि आकडा लिहावा.

इतर मोजण्या साध्या आहेत. तापमान. पीएच कागद; ६.५ ते ८.५ ही नेहमीची मर्यादा. पारदर्शक नळीच्या तळाशी काळी-पांढरी चकती चिकटवून गढूळपणा. विरघळलेल्या क्षारांसाठी खिशात मावणारा मीटर मिळतो. आपल्या बेसाल्ट खडकावरून पावसाळ्यानंतर उतरणाऱ्या झऱ्याचे पाणी मृदू असते, त्यामुळे वस्तीखाली क्षारांचा आकडा एकदम उडी मारू लागला की वाटेत काहीतरी मिसळले, हे चटकन कळते. विष्ठाजन्य जंतूंसाठी आपल्याच देशातील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली बाटलीची चाचणी आहे. हायड्रोजन सल्फाइडमुळे पाणी काळे पडते, म्हणजे घातक प्रदूषणाची दाट शक्यता. नंतर ती चाचणी जगभर वापरली गेली. मात्र बाटली काळी पडली नाही म्हणून पाणी पिण्यायोग्य आहे, असे कोणत्याही मुलाने कोणालाही सांगता कामा नये. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि ज्या शाळेत यातील काहीच नाही, तिने काय करावे? तिने दगड उलटावेत. वाहत्या पाण्यातील दगडाच्या खालच्या अंगाला कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या असतात. मेफ्लाय नावाच्या अल्पायुषी माशीच्या अळीला मागे बहुधा तीन बारीक शेपट्या असतात. कॅडिसफ्लायची अळी वाळूच्या कणांचे छोटे घर बांधून त्यात राहते. हे जीव बव्हंशी प्राणवायूने समृद्ध पाण्यातच टिकतात. चतुर आणि टाचण्यांची पिल्ले, खेकडे, गोगलगायी यांची सहनशक्ती मध्यम. आणि जेथे लाल दोऱ्यासारख्या अळ्यांखेरीज काही उरत नाही, तेथे पाणी गुदमरले आहे असे समजावे. त्या अळ्यांच्या शरीरात आपल्यासारखेच रक्तद्रव्य असते, म्हणून त्या अत्यल्प प्राणवायूत तगतात. मीटर मोजतो तो त्या क्षणाचा आकडा. दगडाखालचा जीव मागच्या कित्येक आठवड्यांची साक्ष देतो, कारण एखाद्या रात्री कोणी गुपचूप टाकी रिकामी केली असली तर पाणी वाहून गेलेले असते, पण अळ्या मेलेल्या असतात. मुलांना ही हेरगिरी फार आवडते. दगड पाहून झाल्यावर होता तसा परत ठेवायचा, हाही संस्कारच आहे. जलपर्णी कोठून सुरू होते, त्याचीही नोंद घ्यावी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती नायट्रेट आणि फॉस्फेट जेथे मुबलक मिळतात तेथे माजते.

आता एका गोष्टीबद्दल मी अत्यंत कठोर आहे. जून ते सप्टेंबर या काळात एकाही मुलाने ओढ्याच्या पात्रात उतरू नये. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही येऊन धडकतो. पावसाळ्यात शाळेच्या आवारात पर्जन्यमापक लावा, पाण्याचा रंग दुरून पाहून लिहा, तेवढे पुरे. नवरात्रानंतर पात्रात उतरावे, तेही गुडघ्याखालच्या पाण्यात, दोन मोठी माणसे बरोबर घेऊन. धरणाखालच्या गावांनी पाणी सोडण्याची सूचना त्या दिवशी सकाळी विचारून घ्यावी. हातमोजे, नंतर साबणाने हात धुणे, जखम असलेल्या मुलाने काठावर बसून लेखनिक होणे. लेखनिकाचे काम दुय्यम मानू नका.

आता अडचणीचा भाग. मुले मोजू लागली की आकडे येतील आणि आकडे कोणाच्या तरी दाराशी नेतील. ते दार एखाद्या हॉटेलचे असेल, एखाद्या कारखान्याचे असेल, पण पुष्कळदा ते आपल्याच गावाच्या गटाराचे असेल, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरच्या गोठ्याचे असेल. तेथे गुरुजींची खरी कसोटी आहे. वर्गात त्या मुलाकडे बोट दाखवले जाऊ नये. ओढ्याच्या नकाशावर माणसांची नावे लिहू नयेत, फक्त ठिकाणे लिहावीत: पुलाखाली, वडाजवळ, मोरीच्या तोंडाशी. आणि कोणी वजनदार गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले, की हा महिना लिहू नका, तर वहीत त्या महिन्याचा आकडाही असला पाहिजे आणि तो खरा असला पाहिजे. आकडा चांगला यावा म्हणून चार पावले वर जाऊन बाटली भरण्याचा मोह शिक्षकालाही होतो. मुलांनी एकदा हे पाहिले की त्यांना विज्ञानही शिकवता येत नाही आणि सत्यही.

येथे कायद्याची मर्यादाही समजून घ्यावी. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार नमुना घेण्याची ठरावीक रीत आहे. संबंधिताला नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, मोहोर, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. शाळेची बाटली न्यायालयात पुरावा होऊ शकत नाही. तिने तसा आव आणूही नये. ती दारावरच्या घंटेसारखी आहे. सलग सहा महिने एकाच ठिकाणी प्राणवायू ढासळतो असे वही दाखवू लागली, तर मंडळाच्या अधिकाऱ्याला कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वेळी जावे हे तरी कळते.

एका शाळेची वही उपयोगी आहेच, पण साखळी झाली तर चित्र पालटेल. कुरवंडे, लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, इंदोरी, देहू, आळंदी अशा गावांतील एकेक शाळा आणि महिन्याचा एक ठरलेला दिवस. आठ आकडे एका रेषेवर मांडले की नदी कोठे आजारी पडते, हे देहूच्या मुलाला दिसेल. आणि आपण खाली काय पाठवतो, हे लोणावळ्याच्या मुलीला दिसेल. ज्या देहूत तुकोबांच्या गाथा इंद्रायणीने तारल्याची कथा घरोघरी सांगतात, तेथील मुलांनी वरच्या गावांतील मुलांना पत्र लिहून या महिन्याचा आकडा कळवावा, यापेक्षा चांगला भाषेचा तास मला सुचत नाही.

या भूमीत पाण्याच्या दानाची नोंद ठेवण्याची रीत जुनी आहे. भाजे येथील लेण्यात पाण्याच्या टाक्यावर महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याने ती पोढी दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षे तो वाचता येतो. मळवली स्थानकावरून चालत जाता येते. पहिली सहल तेथेच न्या आणि टाक्यातील पाण्याचाही पीएच पाहा. मोजणी कोठे शिकवावी याला त्याहून चांगली जागा कोणती?

शेवटी वेळापत्रकाचा प्रश्न. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवायचे, असे आपण चहाच्या वेळी मला विचारलेत. महिन्यातून दोन तासिका लागतात, एक ओढ्यावर आणि एक वर्गात. सरासरी आणि आलेख गणितात, आम्ल-अल्कली विज्ञानात, खोरे आणि पर्जन्यछाया भूगोलात, ग्रामपंचायतीला लिहायचे पत्र मराठीत. हे सारे आपण शिकवतोच. नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय मंडळाने आणला, तेव्हा त्याच्या प्रात्यक्षिकालाही हीच वही चालेल. हरित सेनेचे पथक असेल तर साहित्याचा छोटा खर्च त्यातून निघू शकेल. नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीस किंवा नगरपरिषदेस आणि एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे कार्यालयास दर तीन महिन्यांनी टपालाने पाठवावी. पोच जपून वहीतच चिकटवावी. ऑक्टोबरात सुरुवात केली, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत चार नोंदी हाती असतील. त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर, ग्रामसभेत शिक्षकांनी बोलू नये. आठवीतील एका मुलीने उभे राहून चार आकडे वाचावेत आणि खाली बसावे.